घरच्या शाळेची वही: रसायन, संस्कृत आणि 'कशावरून?'

१० जून २०२४

मोठी नऊ वर्षांची, धाकट्याला सात पूर्ण. दोघं घरीच शिकतात, त्याचं हे तिसरं वर्ष. गणित आणि मराठीची घडी बसली आहे, तिला हात लावायचा नाही. यंदा रसायन, एक जुनी भाषा आणि तर्क असे तीन विषय नव्याने घेतो आहोत. कल्पना न्यू जर्सीतल्या मामेबहिणीची. तिची मुलंही घरीच शिकतात आणि तिच्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत तिसरी-चौथीच्या वयात लॅटिन सुरू करतात, पुढे त्याला जोडून तर्क. तिने पुस्तकांची यादी पाठवली आणि मी त्याच रात्री दोन मागवली. लॅटिनचं १,८६० रुपये, तर्काच्या कोड्यांचं १,२८०. रसायनासाठी एक तयार संच, २,३५०. खोक्यावर शंभरहून जास्त प्रयोगांची हमी आहे.

मराठीतून शिकणाऱ्या एवढ्या लहान मुलांसाठी कोण काय वापरतं हे शोधताना मला फारच थोडं सापडलं, म्हणून ही वही. जे फसेल तेही लिहीन, कारण मला स्वतःला तेच वाचायचं होतं.

२४ जून

लॅटिन बंद केलं.

पुस्तक वाईट नाही. पण ते इंग्रजी बोलणाऱ्या मुलासाठी लिहिलेलं आहे. "हा शब्द तुमच्या अमुक इंग्रजी शब्दाचा आजोबा" असं ते पानोपानी सांगतं, आणि तो इंग्रजी शब्दच मोठीला माहीत नसतो. म्हणजे आधी इंग्रजी शब्द शिकायचा, मग त्याचा आजोबा. दहा दिवसांत अठरा शब्द झाले, त्यातले चार लक्षात राहिले.

सासूबाई रोज संध्याकाळी दिव्यापाशी रामरक्षा म्हणतात. मुलं ती अर्धीअधिक पाठ म्हणतात, अर्थ न कळता. मामेबहिणीच्या मुलांना लॅटिन जे देतं, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या शब्दांची मुळं, ते आमच्याकडे संस्कृत देणार आणि ते घरात आधीच ऐकू येतं. हे मला १,८६० रुपये घालवण्याआधी सुचायला हवं होतं. लॅटिनचं एकच पान ठेवलं. लोखंडाची खूण 'एफई', सोन्याची 'एयू', सोडियमची 'एनए' का, तर फेरम, ऑरम आणि नॅट्रियम ही त्यांची लॅटिन नावं. ते पान रसायनाच्या वहीत चिकटवलं.

२९ जून

रसायनाचा संच कपाटात कुलूप लावून ठेवला.

शंभर प्रयोग म्हणजे मुख्यतः एकच प्रयोग, वेगवेगळ्या रंगांत. माहितीपत्रकात पुड्यांना नावं नाहीत, नुसते क्रमांक. सात नंबरची पूड चमचाभर घ्या, तीन नंबरच्या द्रावणात टाका, रंग बदलेल. धाकट्याने पहिल्याच मिनिटाला विचारलं, "सात नंबर म्हणजे काय?" पत्रकात उत्तर नाही. एक पूड दिसायला मोरचुदासारखी निळी आहे आणि मोरचूद पोटात जाणं घातक. नाव नसलेली पूड सात वर्षांच्या मुलाच्या हातात द्यायला माझं मन धजेना. चष्माही मोठ्या माणसाच्या मापाचा, धाकट्याच्या नाकावरून घसरत होता.

आता सुटं सामान आणलं. प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानातून १०० मिलिलिटरचे दोन बीकर, दहा परीक्षानळ्या, लाकडी स्टँड, गाळणकागद, तीन ड्रॉपर आणि लहान मापाचे दोन चष्मे, ७८० रुपयांत. पदार्थ स्वयंपाकघरातले. नियम एकच: ज्याचं नाव आणि उपयोग आपल्याला माहीत आहे तेच वापरायचं, आणि तोंडात काहीही घालायचं नाही, खाण्याची वस्तू असली तरी.

६ जुलै

वरणाचा पिवळा डाग साबण लावला की लाल होतो. हे दोघांनी कितीदा पाहिलं आहे, म्हणून सुरुवात हळदीपासून.

हळदीचे कागद करताना तीन दिवस वाया गेले. मी हळद पाण्यात कालवून त्यात गाळणकागद बुडवले. रंग डागाडागांनी बसला, सुकल्यावर पूड झडून गेली. कारण नंतर कळलं: हळदीतलं रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, स्पिरिटमध्ये विरघळतं. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट घेऊन, गॅस बंद आणि खिडक्या उघड्या ठेवून पुन्हा केले. एकसारखे पिवळेधमक कागद मिळाले. स्पिरिट लगेच पेट घेतं, त्यामुळे हा भाग मी एकटीने केला. मुलांना सुकलेल्या पट्ट्या दिल्या.

साबणाचं पाणी, लाल. चुन्याचं पाणी, गडद लाल. लिंबू, पिवळाच. मग धाकट्याने वहीत लिहिलं, "पिवळं राहिलं की आम्ल." मोठीने नळाच्या पाण्यात पट्टी बुडवून त्याच्यासमोर धरली. पिवळी. "मग पाणी आंबट आहे का?"

मी काहीही शिकवलं नव्हतं. तर्काचा पहिला धडा त्यांनी परस्पर उरकला. तेव्हापासून वहीत प्रत्येक निष्कर्षाखाली एक ओळ मोकळी सोडायची ठरली. तिथे लिहायचं: कशावरून?

१४ जुलै

सकाळी सिंहगडावर. वर पोचलो तेव्हा दहा फुटांपलीकडचं दिसत नव्हतं. धाकटा ओरडला, "डोंगराला आग लागली!" गंमत म्हणून, पण मला धागा मिळाला.

तर्कासाठी मी दोन गोष्टी पाहून ठेवल्या होत्या. एक म्हणजे शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीचं बुद्धिमत्ता चाचणीचं पुस्तक, शेजारच्यांचं. ते वेगासाठी आहे. आकृत्यांची मालिका पूर्ण करा, सांकेतिक शब्द ओळखा. मोठीला ते भराभर येतं, पण उत्तर का आलं हे विचारलं की ती गप्प. परीक्षा द्यायची असेल तेव्हा त्याचा उपयोग आहे, आज नाही. दुसरं मागवलेलं इंग्रजी पुस्तक. त्यातली खरं बोलणारे आणि खोटं बोलणारे यांची कोडी छान आहेत, बाकीची बेसबॉल आणि डॉलरांच्या हिशेबाची. पहिली तेवढी मराठीत उतरवून घेतली.

पण पाया म्हणून अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' घ्यायचं आज ठरवलं. सतराव्या शतकातला, नवशिक्यांसाठीच लिहिलेला लहानसा ग्रंथ. मुलांच्या हाती द्यायचा नाही, मी वाचायचा आणि त्यातली उदाहरणं त्यांच्यासमोर मांडायची. आठल्ये-बोडसांची मूळ १८९७ सालची आवृत्ती आहे, इंग्रजी टिपांसह. जुनी प्रत १५० रुपयांना मिळाली.

त्यातलं मुख्य उदाहरण डोंगराचंच आहे. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण धूर आहे, हा हेतू. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघर, हे उदाहरण. इथेही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून इथे आग आहे, हे निगमन. गडावरून उतरताना सांगितलं. मोठी म्हणाली, "पण ते धुकं होतं, धूर नव्हताच." बरोबर. हेतूच खोटा. धुकं किंवा वाफ पाहून धूर समजणं ही चूक जुन्या नैयायिकांनी, म्हणजे तर्काच्या पंडितांनी, नोंदवून ठेवलेली आहे, असं मी सांगितल्यावर तिचा चेहरा खुलला.

१६ जुलै

महानसाचा, म्हणजे स्वयंपाकघराचा दाखला घरी चालेना. "आपल्या स्वयंपाकघरात आग असते, धूर कुठे असतो?" असं धाकट्याने विचारलं. मी आधी चिडले, कारण नियम 'धूर असेल तिथे आग' असा आहे, उलटा नाही. मग पुस्तक उघडलं तर नेमकं हेच त्यात होतं. 'डोंगरावर धूर आहे, कारण आग आहे' हे चुकीचं अनुमान म्हणून दिलेलं आहे. लाल तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे आणि धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. आमची गॅसची शेगडी म्हणजे त्याच लोखंडी गोळ्याच्या जागी. सात वर्षांचं मूल बरोबर होतं आणि मी त्याला चूक ठरवायला निघाले होते.

हळदीच्या पट्टीशी हे लगेच जोडून दाखवलं. लाल झाली तर आम्लारी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, हे खरं. लाल झाली नाही तर आम्ल, हे नाही.

४ ऑगस्ट

तुरटीचे स्फटिक. तीन आठवडे, निकाल शून्य.

संपृक्त द्रावण केलं, दोऱ्याला तुरटीचा खडा बांधून सोडला, कपाटावर ठेवला. पुण्याचा जुलै. हवा एवढी ओली की पाणी उडतच नाही. मधल्या एका गरम दुपारी खडा विरघळून दोऱ्यावरून पडला. पावसाळ्यात हा प्रयोग काढू नका. ऑक्टोबरात पुन्हा करणार.

११ ऑगस्ट

संस्कृत. इथे माझं सगळ्यात जास्त चुकलं, म्हणून सविस्तर लिहिते.

राज्यातल्या बहुतेक शाळांत संस्कृत आठवीला सुरू होतं, त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलासाठी म्हणून वेगळं काही सहज मिळत नाही. माझं स्वतःचं संस्कृत आठवी ते दहावी, गुण मिळवण्यापुरतं. मला शिकवलं तसंच मी शिकवायला लागले, रूपावली हातात देऊन. रामः रामौ रामाः. साडेपाच आठवडे, रोज वीस मिनिटं. मोठीला देव, माला, वन तिन्ही चालवता यायला लागले. मग सासूबाईंनी सहज विचारलं, "पाणी दे हे संस्कृतात कसं म्हणशील?" तिने आधी द्वितीया आठवली, मग एकवचन, मग 'जलम्' म्हणाली आणि थांबली. क्रियापद एकही येत नव्हतं. धाकटा तर आठवड्याभरातच गळला होता.

१२ ऑगस्ट

रूपावली बाजूला. संस्कृत भारतीच्या संभाषण वर्गांची पद्धत मी एकदा पाहिली होती. दहा दिवस, रोज दोन तास, पहिल्या मिनिटापासून संस्कृतच, हातात वस्तू धरून. तसं घरी करून पाहते. चमचा हातात: एषः चमसः. माळ: एषा माला. फूल: एतत् पुष्पम्.

इथे मराठी मुलाचं मोठं काम आधीच झालेलं असतं. तो, ती, ते. सः, सा, तत्. हिंदीतून शिकणाऱ्याला नपुंसकलिंग नव्याने समजावं लागतं, आपल्याला 'ते फूल' म्हणताना ते कुणी शिकवलेलं नसतं. धाकटा तासाभरात घरातल्या वस्तूंना एषः-एषा-एतत् लावत फिरत होता. चुकत होता, कारण मराठीतलं लिंग संस्कृतात तसंच राहील असं नाही. पण बोलत होता.

द्विवचन मराठीत नाही. त्याची मला धास्ती होती. पण 'आवाम्', म्हणजे आपण दोघंच, हा शब्द दोघांना इतका आवडला की त्यांनी तो आपलाच करून टाकला. आवां न खादावः. भाजी नको असली की हे ऐकू येतं.

१० सप्टेंबर

गणपतीचे दिवस. दोन कामं झाली.

पहिलं संस्कृतचं. महिनाभर बोलून मोठी धीट झाली, पण "अहं गच्छति" असं बिनदिक्कत म्हणायला लागली होती. नुसत्या बोलण्याने क्रियापदाची रूपं पक्की होत नाहीत. आरतीनंतर अथर्वशीर्ष चालू असताना ती एकदम माझा हात ओढून म्हणाली, "सगळीकडे त्वम् असि, त्वम् असि आहे!" दुसऱ्या दिवशी ते लिहून काढलं. असि कुठे, वच्मि कुठे. मी बोलते म्हणून 'मि', तू आहेस म्हणून 'सि'. जे पाठ होतं त्यातच रूपं सापडली. रूपावली परत आली, पण आता रोज दहाच मिनिटं आणि आधी वाक्य, मग तक्ता.

वाचनासाठी एनसीईआरटीची 'रुचिरा' घेतली. ती पूर्वी सहावीला होती, पण सुरुवातीचा भाग चित्रांसह आधी पुल्लिंगी, मग स्त्रीलिंगी, मग नपुंसकलिंगी शब्द असा जातो आणि लहानांनाही झेपतो. शब्दार्थ हिंदी-इंग्रजीत आहेत, ते मी मराठीत लिहून चिकटवले. छपाईचे १६० रुपये.

दुसरं काम जास्वंदीचं. घरात रोज ढीगभर जास्वंद. सासूबाईंनी वाहिलेली फुलं द्यायला नकार दिला, तो मला पटला. झाडावरची वेगळी काढली. पाकळ्या गरम पाण्यात, पाणी गाळून घेतलं. लिंबाने गडद गुलाबी, चुन्याच्या निवळीने हिरवं. हळद जे सांगू शकत नव्हती ते जास्वंदीने सांगितलं. रस दोन दिवसांत नासतो. कागद बुडवून सुकवले तर टिकतात, रंग मात्र फिका येतो.

२२ सप्टेंबर

चार दिवस एका शब्दाने खाल्ले. दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून लिहिते.

मोठीने एक हिंदी व्हिडिओ पाहिला. त्यात सांगितलं की क्षार हळदीला लाल करतो. आमची वही बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकांवर चालते, तिथे क्षार म्हणजे मीठ आणि मिठासारखे पदार्थ. तिने मिठाच्या पाण्यात पट्टी बुडवली. पिवळीच. तिला वाटलं पट्ट्या जुन्या झाल्या. मी ऐकून न घेता नव्या पट्ट्या केल्या, त्याही पिवळ्याच. चौथ्या दिवशी व्हिडिओ शेजारी बसून पाहिला तेव्हा उलगडा झाला. मराठीत आम्ल, आम्लारी, क्षार. हिंदीत मिठाच्या वर्गाला लवण म्हणतात आणि क्षार हा शब्द आपल्या अल्कासाठी, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीसाठी वापरतात.

हीच गोष्ट अणूची. मराठीत अणू जोडून रेणू होतो. हिंदीत परमाणु जोडून अणु. म्हणजे एकच 'अणु' शब्द, इकडे एका वस्तूचं नाव आणि तिकडे दुसरीचं. तिला न कळता ही गल्लत पुढे दहावीपर्यंत गेली असती.

आता रसायनाचे शब्द फक्त बालभारतीचे. ती पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. हिंदी व्हिडिओ पाहायचा तर माझ्यासोबत. फ्रिजवर एक कागद लावला आहे, त्यात शब्द आणि त्यापुढे घरातला नमुना. आम्लारी: चुन्याची निवळी. क्षार: मीठ. धाकट्याने त्यात स्वतः एक भर घातली: धातू, रसायनात तांबं, संस्कृतात गम्.

तर्कसंग्रहातही परमाणू येतो, दोघांचं द्व्यणुक, त्यांपुढे त्र्यणुक. मुलांना ते सांगायचा मोह झाला. नाही सांगितलं. तो विचार स्वतःच्या जागी मोठा आहे, पण आजच्या अणूशी त्याची गाठ मारली तर मुलाच्या डोक्यात दोन्ही बिघडतात.

१३ ऑक्टोबर

चुन्याची निवळी. पानाला लावतात तो चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला, वरचं स्वच्छ पाणी अलगद काढलं. चुना हाताळायचं काम माझं. चुना डोळ्यात गेला तर फार वाईट इजा होते. नळीने फुंकलं की पाणी दुधाळ. पुढे फुंकत राहिलं तर पुन्हा नितळ, हे मलाही माहीत नव्हतं.

धाकट्याने फुंकण्याऐवजी ओढलं. थोडंसं तोंडात गेलं, लगेच थुंकून भरपूर चुळा भरल्या, जीभ तासभर चुरचुरली. दोष माझा. नंतर कळलेला उपाय: नळीला पाण्याच्या वर सुईने दोन भोकं पाडायची. मग ओढलं तर हवाच येते, पाणी वर चढत नाही. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

तुरटी मात्र जमली. ऑक्टोबरच्या उन्हाने नऊ दिवसांत बोराएवढा स्फटिक. सुती दोऱ्यावर भलतीकडेच स्फटिक चिकटतात, नायलॉनचा बारीक दोरा घ्या.

१० नोव्हेंबर

दिवाळीच्या उरलेल्या मेणबत्त्या आणि घरातलं एक जुनं प्रयोगांचं पुस्तक. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर काचेचा ग्लास उपडा. मेणबत्ती विझते, पाणी आत चढतं. पुस्तकातलं कारण: ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, हवेत ऑक्सिजन एक पंचमांश म्हणून पाणीही तेवढंच. मी लहानपणी हेच शिकले आणि आज तेच सांगितलं, ग्लासवर पेनने रेघा मारून.

मोठी म्हणाली, "आई, पाणी विझल्यावर चढलं."

मी म्हटलं, पुन्हा बघ. पुन्हा तेच. ज्योत जळत असताना पाणी जवळजवळ हललं नाही, विझल्यानंतर एकदम वर गेलं. ऑक्सिजन संपत होता तो आधी, मग पाणी तेव्हाच चढायला हवं. तिने वहीत लिहिलं: हेतू, ऑक्सिजन संपला. कशावरून? आणि पुढे काहीच नाही.

त्या संध्याकाळी नऊ वेळा केलं. एका मेणबत्तीऐवजी तीन लावल्या. ग्लास तोच, म्हणजे ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी जवळपास दुप्पट चढलं. इथेच पुस्तक पडलं. मग धाकट्याला ग्लास ठेवताना काठाशी बुडबुडे दिसले. हवा तापून फुगते आणि बाहेर पडते, ज्योत विझली की आत उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि पाणी ओढलं जातं. मुख्य कारण ते. ऑक्सिजन वापरला जातो हे खरं, पण जळताना कार्बन डायऑक्साइडही तयार होतो आणि ज्योत तर सगळा ऑक्सिजन संपायच्या कितीतरी आधी विझते. एक पंचमांशाशी जुळणारा आकडा हा योगायोग.

मी तीस वर्षं चुकीचं कारण बाळगून होते. पुस्तक टाकलं नाही. मोठीने त्या पानावर पेन्सिलीने तीन मेणबत्त्यांचं चित्र काढून ठेवलं आहे.

यानंतर पुस्तक निवडायची माझी रीत बदलली. आधी मी अनुक्रमणिका पाहत होते. आता एक प्रयोग घरी करून पाहते आणि बघते, पुस्तक मुलाला पाहायला सांगतं की काय दिसेल ते आधीच सांगून टाकतं. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची प्राथमिक विज्ञानाची पुस्तकं मराठीतही आहेत. ती प्रश्न विचारून थांबतात, उत्तर लिहायला मुलाला जागा ठेवतात. धाकट्यासाठी तीच धरली. अरविंद गुप्तांची टाकाऊतली खेळणी दोघांनाही प्रिय, पण आम्ही केली त्यांत रसायनापेक्षा भौतिकशास्त्रच जास्त होतं, म्हणून ती रविवारी.

१५ डिसेंबर

एका नातेवाइकांनी मुलांना सांगितलं की सप्टेंबर हा शब्द 'सप्त' आणि 'अंबर' यांपासून झाला, सातवं आकाश. ऑक्टोबर अष्ट-अंबर, डिसेंबर दश-अंबर. ऐकायला छान. धाकटा अभिमानाने सांगत आला. मोठीने विचारलं, कशावरून?

दोन दिवस त्यावर गेले, आणि बाजूला ठेवलेलं लॅटिनचं पुस्तक बाहेर आलं. लॅटिनमध्ये सात म्हणजे सेप्तेम, आठ ऑक्तो, नऊ नोवेम, दहा देकेम. रोमन वर्ष पूर्वी मार्चपासून मोजत, म्हणून सप्टेंबर सातवा. मग मोठीने आपणहून तपासलं: असं असेल तर जुलै पाचवा आणि ऑगस्ट सहावा, त्यांची नावं तशी का नाहीत? तीही तशीच होती, क्विंतिलिस आणि सेक्स्तिलिस. पुढे ती ज्युलियस सीझर आणि ऑगस्टसच्या नावाने बदलली. अंबर कुठेच लागलं नाही.

पण सप्त आणि सेप्तेम सारखे आहेत हे तर दिसतच होतं. अग्नी आणि इग्निस, दन्त आणि देन्तिस. एकाने दुसऱ्याकडून घेतले नाहीत, दोघांचा पूर्वज एक. जसा आजीचा चेहरा आत्तेबहिणीतही दिसतो आणि तुझ्यातही, असं सासूबाईंनीच समजावलं. जूनमध्ये वाया गेलेलं पुस्तक डिसेंबरात दोन दिवस कामी आलं.

त्या नातेवाइकांना काय सांगायचं, हा प्रश्न मुलांनी विचारला. ठरलं की भांडायचं नाही, जुलै-ऑगस्टबद्दल फक्त विचारायचं.

१९ जानेवारी २०२५

पैशांचा हिशेब, कुणी विचारलं म्हणून. वाया किंवा जवळजवळ वाया: लॅटिन १,८६०, रसायनाचा संच २,३५०. कामी आलेलं: तर्काची कोडी १,२८०, काचेचं सामान ७८०, छपाई १६०, तर्कसंग्रह १५०, स्पिरिट-तुरटी वगैरे १२०. म्हणजे ६,७०० पैकी ४,२१० मी पहिल्या महिन्यातच घालवले, मुलांसमोर एकही प्रयोग करून पाहण्याआधी. संचातल्या निनावी पुड्या अजून कुलपातच आहेत. सिंकमध्ये ओतायच्या नाहीत, एवढं ठरवलं आहे.

९ मार्च

वर्षाअखेरची परीक्षा म्हणून पाच वाट्यांत पाच पांढऱ्या पुड्या दिल्या: मीठ, पिठीसाखर, खाण्याचा सोडा, तुरटी, कॉर्नफ्लोअर. चव घ्यायची नाही. प्रत्येक ओळखीला हेतू हवा. हाताशी पाणी, व्हिनेगर, हळदीच्या आणि जास्वंदीच्या पट्ट्या, आणि पातळ केलेलं बीटाडीन, कारण त्यातलं आयोडीन पिठाला निळंकाळं करतं.

सोडा लगेच सापडला, व्हिनेगरमध्ये फसफसला. तुरटीने जास्वंद गुलाबी केली. मग धाकट्याने बीटाडीनचे थेंब टाकले आणि दोन वाट्या निळ्या झाल्या. कॉर्नफ्लोअरची आणि आणखी एक. त्याने दोनदा केलं, थेंब बदलून, चमचा धुऊन. मी म्हटलं, चमच्याला पीठ लागलं असेल, एकच वाटी निळी व्हायला हवी. त्याने विचारलं, "कशावरून?"

माझ्या कागदावर उत्तर लिहिलेलं होतं, त्यावरून. मला दुसरं काही सांगता आलं नाही. मोठी उठून स्वयंपाकघरात गेली आणि पिठीसाखरेचं पाकीट घेऊन आली. घरी दळलेली संपली होती म्हणून मी केकसाठीची विकतची वापरली होती. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: साखर, कॉर्न स्टार्च.

धाकट्याने वहीत लिहिलं, "वाटी २ मध्ये पीठ आहे. हेतू: निळी झाली. उदाहरण: वाटी ५." त्याखाली मोठीने तिच्या अक्षरात: "आणि पाकिटावरून."